‘चांगली मावशी कधी चिडत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) पेशंट घरात असलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर खूप फिरतोय. सार असं: अशा पेशंटला सांभाळायला मोठं मन पुरतं. जिच्यात जात्याच ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असते ती केअरटेकर कधी चिडत नाही. चिडली, थकली तर बाई चुकीची निवडली असं समजा आणि केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोला सांगून बदलून घ्या. पेशंट तर पाच मिनिटांत सगळं विसरतो. हे वाचून घराघरांत मावश्या बदलल्या जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘जात्याच’. मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर यांनी 1990 साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली ती क्षमता म्हणून: स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखणं, समजून घेणं, हाताळणं. क्षमता शिकता येते, आणि डिमेन्शियात ती आजाराच्या माहितीवाचून अडते. संध्याकाळ झाली की आजी पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, ‘मला घरी जायचंय’. ‘अहो, हेच तुमचं घर’ असं पटवत बसलं की त्या जास्त बिथरतात. ‘घरी कोण कोण आहे?’ असं विचारत शेजारी बसलं तर पुष्कळदा निवळतात. एखादे आजोबा दोन दिवसांत एकदम आक्रमक झाले, तर लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणारी दाढ, नवं औषध, यातलं काहीही असू शकतं; त्यांना ते सांगता येत नसतं. अशा वेळी डॉक्टरांना बोलवायला हवं. हे कुणी शिकवलंच नसेल, तर कितीही मायाळू बाई तिथे हतबल होणार.

‘कधी चिडत नाही’ हे तर मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. या कामात शिव्या, चिमटे, थुंकणं रोजचं असतं. त्याहून जड जातो तो चोरीचा आळ. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, मग ‘हिनेच माझ्या बांगड्या नेल्या’. आजाराचं हे ठरलेलं लक्षण आहे. मुलीवर आळ आला तर ती रडते आणि विसरते; ब्युरोतून आलेल्या मावशीवर आला तर तिची रोजीरोटी पणाला लागते. घरच्यांनी एकदा जरी संशयाने तिच्या पिशवीकडे पाहिलं, तर तिने कसला संयम ठेवायचा? तिला आधी हवा असतो घरच्यांचा विश्वास. दागिने पहिल्याच दिवशी कुलपात टाका आणि तिच्यासमोर सांगा की असं बोलणं होईल, आम्ही ते खरं मानणार नाही.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली दाखवून दिलं, की नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर ठरावीक भावना आणणं हेही श्रमच आहेत. आत एक आणि बाहेर एक असं बारा बारा तास चाललं, की माणूस आतून पोखरला जातो. ‘मला आज राग आला’ असं म्हणायची सोय जिथे असते, तिथे तो राग पेशंटवर निघण्याची शक्यता कमी होते. माझ्या मते राग कबूल करणारी केअरटेकर जास्त भरवशाची.

‘पेशंट विसरतो’ हे अर्धंच खरं आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अल्झायमरच्या (हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून आलेलं दुःख किंवा आनंद नंतरही टिकला. म्हणजे सकाळी आंघोळीला झालेली ओढाताण आजींना आठवत नसेल, पण दुपारच्या जेवणाला नकार त्यातूनच येत असू शकतो. झोप न झालेल्या मावशीकडून अशी ओढाताण होण्याची शक्यता जास्त, म्हणून तिची झोप हा पेशंटच्या तब्येतीचाही प्रश्न आहे.

उरलं ‘बदलून घ्या’. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी स्थिती अशी. ठिकाण तेच, ड्युटी तीच ठेवून माणूस बदलला, तर नवी बाईही थकणार. शिवाय दर महिन्याला नवा चेहरा आणि नवा हात म्हणजे डिमेन्शियाच्या माणसाला नवी भीती. भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक या आजारासह जगत आहेत, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. इतक्या घरांना पुरतील अशा कधीच न थकणाऱ्या बाया कुठल्या ब्युरोकडे असतील?

ड्युटी ठरवतानाच काही गोष्टी पक्क्या करा. आठवड्याची सुट्टी, आणि त्या दिवशी बदली कोण येणार. चोवीस तासांची ड्युटी असेल, तर पेशंट रात्री जागतो तेव्हा घरातलं कोण उठणार आणि दुसऱ्या दिवशी ती कधी झोपणार. तिचं जेवण, तिची झोपायची जागा. आजी शाळेत शिकवायच्या, त्यांना पाणी कोमटच लागतं, मधल्या मुलाचं नाव काढलं की रडतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि रोज संध्याकाळी ‘आजी कशा होत्या?’ विचाराल, तेव्हा ‘मावशी, तुमचा दिवस कसा गेला?’ हेही विचारा, आणि उत्तर ऐकायला बसा.