‘लिनक्स टाकलं की कॉम्प्युटर गेला’ या फॉरवर्डला उत्तर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. ग्रुपवर कुणी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव काढलं की एक ठरलेला मजकूर येऊन पडतो. लिनक्स टाकलं की सगळा डेटा उडतो, कोड (म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर) सगळ्यांना उघडा असल्यामुळे हॅकरला रान मोकळं, फुकट देणारे तुमची माहिती विकतात, मराठी टाइप होत नाही, ऑफिसची आणि सरकारी कामं अडतात, तेव्हा सरळ नवा कॉम्प्युटर घ्या. पाठवणाऱ्याला आपल्या माणसांची काळजी असते, हे मला मान्य आहे. पण या मजकुरापायी चांगली चालणारी मशीन भंगारात जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

डेटा उडतो

चालवून बघणं वेगळं आणि टाकणं वेगळं. बघण्यासाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम एकाच फाइलीत) उतरवून घ्यायची आणि रुफससारख्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहायची. (त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं मात्र जातं, तो रिकामाच घ्या.) मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, उघडायचा. कंपनीनुसार त्याची की एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असते. तिथे पेन ड्राइव्ह निवडला की पूर्ण डेस्कटॉप पेन ड्राइव्ह आणि रॅमच्या जोरावर उभा राहतो. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, सगळं तपासता येतं. तुम्ही स्वतः फाइली उघडून बदलत नाही तोवर हार्ड डिस्कला हात लागत नाही. मशीन बंद करून पेन ड्राइव्ह काढला की पुढच्या वेळी विंडोज जसंच्या तसं सुरू.

डेटा जातो तो इन्स्टॉल करताना एका विशिष्ट पडद्यावर. तिथे ‘डिस्क पुसून टाका’ आणि ‘विंडोजच्या शेजारी टाका’ असे पर्याय समोर येतात. घाईत पहिला निवडला तर खरंच सगळं पुसलं जातं. म्हणून त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर नंतर विंडोज तीच मागत बसेल. फॉरवर्डमध्ये एवढी दोन वाक्यं असती तरी तो उपयोगी ठरला असता.

कोड उघडा, म्हणून धोका

याला बळ देणारी एक खरी घटना आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी त्या प्रकल्पात दोन वर्षांहून जास्त काळ नेटाने काम करून विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घुसवला. दगाबाज भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. पकडला कुणी? अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या अभियंत्याने. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने तो धागा धरून मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) आणि उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती घाण पोचलीच नव्हती.

नशिबाची साथ होती, हे खरं. पण बाहेरच्या माणसाला खोलात शिरून बघता आलं, कारण कोड बंद दाराआड नव्हता. बंद कोडमध्ये अशी शंका आली तर कंपनीला कळवून वाट बघावी लागते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

फुकट आहे, म्हणजे माहिती विकतात

रेड हॅट आणि उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल या लिनक्सच्या कंपन्या मोठ्या ग्राहकांना सपोर्ट विकतात, पैसा तिथून येतो. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट सुमारे ३,४०० कोटी डॉलरना घेतली. मिंट मुख्यतः देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. उबुंटूने २०१२ मध्ये डेस्कटॉपवरच्या शोधात ॲमेझॉनचे निकाल घुसवले होते, त्यावर प्रचंड ओरड झाली आणि २०१६ च्या आवृत्तीत ते आपण स्वतः चालू करेपर्यंत बंदच ठेवण्यात आलं.

मराठी टाइप होत नाही

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी घ्या आणि तिथल्या तिथे टाइप करून बघा. शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ ची की दाबली की ‘ऱ’ येतो, त्यामुळे ‘दुसऱ्या’ अगदी नीट उमटतं. रोमन अक्षरांतून लिहिण्याची सवय असेल तर आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये तशीही सोय आहे. अडचण आहे ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांची. ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, त्यांनी विंडोज सोडू नये.

कामं अडतात

हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ब्राउझरमधून होणारं नेटबँकिंग, सातबारा, वीजबिल, रेल्वेचं तिकीट यात फरक पडत नाही. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. फोटोशॉपचीही नाही. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, ते आधी विचारा. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवावीत.

मग नवाच घ्या

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, म्हणून २०१६ चं धडधाकट मशीनही बाद होतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर चालते. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडाल तर दमेल, हेही सांगतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. तो खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने फारच थोडा आहे, आणि पेन ड्राइव्हवरून सगळं नीट चालल्याची खात्री झाल्यावरच तो करायचा आहे.