१०९८ वर मसालेभात न्यायला कोणी येत नाही

लग्नसराई आली की तो मेसेज पुन्हा फिरतो : ‘कार्यात जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, चाइल्डलाइनची माणसं येऊन घेऊन जातात.’ साफ खोटं आहे. चाइल्डलाइननेच हे अनेकदा नाकारलंय.

१०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची मोफत, चोवीस तासांची हेल्पलाइन. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’खाली चालते. स्टेशनवर हरवलेलं पोर, मारहाण, बालविवाह, हॉटेलात भांडी घासणारा दहा वर्षांचा मुलगा, अशांसाठी तो नंबर. अर्धं पातेलं मसालेभातासाठी तो अडवू नका. उरलेल्या जेवणासाठी जवळच्या आश्रमशाळेला, अनाथाश्रमाला आधी विचारा, तेही अन्न ताजं असतानाच. आणि मंडपातच वाढप्याच्या वेषात एखादं लहान पोर दिसलं, तर मात्र १०९८ जरूर फिरवा.