पदकानंतरची नोकरी आणि पीटर स्नेल

ऑलिंपिक जवळ आले की खेळाडूंना थेट राजपत्रित पद द्यावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात पुन्हा रंगतो. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठली आणि पुढे त्या उपजिल्हाधिकारी झाल्या. तेव्हापासून त्यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. खुर्ची मिळाली की पाय थांबतात, बाहेरच्या देशांत लोक हौसेने धावतात, असे म्हणणाऱ्यांत माझे काही जवळचे मित्रही आहेत. मी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये राहतो आणि इथल्या सर्वांत मोठ्या धावपटूची, पीटर स्नेलची, कहाणी मला नेमकी उलट दिसते.

स्नेल १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. ८०० मीटरच्या शेवटच्या काही पावलांत त्याने जागतिक उच्चांकाचा मानकरी रॉजर मोएन्स याला मागे टाकून सुवर्ण जिंकले. त्याचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड हा ऑकलंडच्या ओवाइराका या उपनगरातला, बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस. ८०० मीटर धावणाऱ्यालाही तो आठवड्याला शंभर मैल पळवी. रविवारी ऑकलंडजवळच्या वाइटाकेरेच्या डोंगरातली बावीस मैलांची फेरी असे. त्या रस्त्याने गाडी नेतानाही चढ जाणवतो: वळणामागून वळण, दोन्हीकडे दाट नेचे आणि बहुधा पाऊस. १९६२ मध्ये स्नेलने गवताच्या धावपट्टीवर ८०० मीटरचा जागतिक उच्चांक १ मिनिट ४४.३ सेकंदांवर आणला, तो आधीच्यापेक्षा तब्बल १.४ सेकंदांनी सरस होता. (सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून हात वर करणाऱ्या आपल्या संघटनांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.) टोकियोत १९६४ मध्ये त्याने ८०० आणि १५०० ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये एकाही पुरुषाला ते साधलेले नाही.

आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो थांबला. हौशी खेळाडूने धावून पैसे मिळवायचे नाहीत, असा त्या काळचा नियम होता. पोटासाठी तो एका सिगारेट कंपनीत नोकरी करीत होता. म्हणजे हौस भरपूर असूनही कारकीर्द लवकर संपली, आणि सरकारी पद नसल्यामुळे ती वाढली असेही झाले नाही. कोरडवाहू शेतीवर वाढलेल्या मुलीला किंवा मुलाला नोकरीच्या आशेवर धावल्याबद्दल नावे ठेवणे, हे मला पोट भरलेल्यांचे शहाणपण वाटते.

तरीही टीकाकारांचा एक मुद्दा, खुर्चीमुळे खेळाडू मैदानापासून दुरावतो हा, स्नेलच्या उत्तरायुष्यामुळे मला पटतो. तिशी उलटल्यावर तो अमेरिकेत पुन्हा विद्यार्थी झाला, व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि २०१९ मध्ये निधन होईपर्यंत डॅलस हेच त्याचे घर राहिले. शंभर मैलांच्या सरावाने स्नायूंमध्ये काय घडते, यासारख्या प्रश्नांवर त्याने संशोधन केले. हे ज्ञान न्यूझीलंडला मायदेशी राखता आले नाही. आपल्याकडे खेळाडू मायदेशीच राहतो, पण त्याचे ज्ञान महसुलाच्या फायलींत अडकते. म्हणून पद जरूर द्यावे. मात्र धावण्याची वर्षे सेवेत धरावीत, आणि नंतर ज्याला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत किंवा विद्यापीठात शिकायचे असेल त्याला पगारी रजा देऊन, परतल्यावर त्याच्याच तालुक्यात मैदानावर नेमावे.