सोनं म्हणे कुठेही चमकतं! : क्वार्टरबॅकबद्दलच्या एका लाडक्या दाव्याला उत्तर

फेब्रुवारी २०२६मध्ये क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डच्या सिॲटल सीहॉक्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना २९-१३ असं हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांत एक जुना दावा नव्या दमाने फिरायला लागला. तो थोडक्यात असा : अस्सल क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कुठल्याही संघात टाका, जिंकणारच. टॉम ब्रेडी, पॅट्रिक माहोम्स हे दिग्गज जेट्ससारख्या हरणाऱ्या संघाकडे असते तरी जिंकले असते. ‘संघात वातावरण मिळालं नाही’ ही पडलेल्यांची सबब. डार्नल्ड? तो उशिरा शहाणा झाला, इतकंच. आणि जिंकला तोही डिफेन्सच्या (बचाव फळीच्या) जिवावर. शेवटी आपल्या लोकांसाठी खास पुरवणी : ‘सचिन कुठल्याही टीममध्ये सचिनच असतो ना?’

सचिनपासूनच सुरुवात करू, कारण मुळातला घोळ तिथेच आहे. एप्रिल १९९८, शारजा, वाळूचं वादळ आणि १४३ धावा. तो सामना भारत हरला होता. कोणाला त्याचं सुतक नाही, कारण खेळी उरली. चेंडू टाकला गेला की गोलंदाज आणि फलंदाज एवढ्यापुरताच मामला असतो. पॅव्हेलियनमध्ये बसलेले नऊ जण पेंगत असले तरी कव्हर ड्राइव्ह अडत नाही. क्वार्टरबॅकला ही चैन नाही. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे आला, की हातात साधारण अडीच सेकंद, चांगल्या दिवशी तीन. तेवढ्यात ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच जणांनी समोरून धावत येणारे धिप्पाड गडी थोपवायचे, रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) ठरल्या पावलावर वळायचं, आणि क्वार्टरबॅकने त्याच्या वळण्याआधीच चेंडू सोडलेला असायचा. रिसीव्हर चुकीच्या बाजूला वळला, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात आणि इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर. आकड्यांच्या तक्त्यात ‘रिसीव्हर चुकला’ असा रकाना नसतो.

आता ‘सबब’. वातावरण म्हटलं की लोकांना लॉकर रूममधली भाषणं आणि पाठीवरच्या थापा आठवतात. मी म्हणते ते वातावरण फार रुक्ष आहे : लाइनमध्ये कोण उभं आहे, प्लेबुक (चालींची वही) कोणाचं आहे, ते किती वर्षं टिकलं, आणि चुकल्यावर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावून समजावणारा कोणी आहे का.

क्वार्टरबॅक डेव्हिड कार २००२च्या ड्राफ्टमधला (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतला) पहिला खेळाडू. त्याला घेतलं ह्यूस्टन टेक्सन्सनी, म्हणजे त्याच वर्षी पहिल्यांदा मैदानात उतरलेल्या संघाने. कारची पाठराखण करायला त्यांनी टोनी बोसेली हा नामांकित लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा रक्षक) आणला होता. खांद्याच्या दुखण्यामुळे तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळू शकला नाही. त्या हंगामात कार १६ सामन्यांत ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला. हा लीगचा विक्रम आहे. २००५मध्ये पुन्हा ६८. इतकं आपटल्यावर माणूस मैदान वाचत नाही, पुढचा धक्का कुठून येणार ते बघत बसतो. कार थोर झालाच असता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या अपयशावरून त्याच्या गुणवत्तेचं माप काढता येत नाही, एवढं तरी मान्य करा.

माझ्या मते या वादातला सगळ्यात बोलका माणूस ॲलेक्स स्मिथ. २००५च्या ड्राफ्टमध्ये पहिला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. पहिल्या हंगामात एक टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारा) आणि ११ इंटरसेप्शन. लोकांनी तिथेच निकाल लावला. पुढचं बघा. पहिल्या वर्षी आक्रमण सांभाळणारे माइक मॅकार्थी हंगाम संपताच ग्रीन बेचे मुख्य कोच झाले. मग आले नॉर्व्ह टर्नर, तेही वर्षभरात गेले. मग जिम हॉस्टलर, मग माइक मार्ट्झ, मग जिमी रे. पाच वर्षांत पाच कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे कोच! (मधलं एक अख्खं वर्ष खांद्याच्या दुखापतीत गेलं ते वेगळंच.) आता प्रत्येक कोऑर्डिनेटरचं प्लेबुक म्हणजे त्याची स्वतःची परिभाषा. हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, क्वार्टरबॅक एका दमात जे म्हणतो, त्यात कोणी कुठे उभं राहायचं, लाइनने कोणाला अडवायचं, कोण आधी सरकणार, कोणाची धाव कुठली, सगळं असतं. दहा जणांना ते त्याच्या तोंडून ऐकायचं असतं. दर उन्हाळ्यात जुनं विसरून नवं पाठ करायचं आणि सप्टेंबरात अडीच सेकंदांत ते आपसूक आठवायला हवं. बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या पोराचा अभ्यासक्रम दरवर्षी बदला आणि मग म्हणा, पोरगं ढ आहे!

२०११मध्ये जिम हारबॉ कोच म्हणून आले. ते स्वतः लीगमध्ये वर्षानुवर्षं क्वार्टरबॅक खेळलेले. त्याच स्मिथने १७ टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन फक्त पाच; संघ १३-३, म्हणजे १३ विजय, तीन पराभव. पुढे कॅन्सस सिटीत कोच अँडी रीडच्या हाताखाली २०१७मध्ये त्याचं पासर रेटिंग (पास फेकण्याच्या कामगिरीचा गुणांक) लीगमध्ये सर्वाधिक होतं.

आणि त्या वर्षी कॅन्सस सिटीच्या बाकावर कोण बसलं होतं? पॅट्रिक माहोम्स. ‘जेट्समध्येही जिंकला असता’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. माहोम्सने पदार्पणाचं वर्ष जवळजवळ पूर्ण बघण्यात घालवलं. शेवटच्या आठवड्यातला एक सामना तेवढा खेळला. पुढच्या हंगामात रीडचं आक्रमण, पास झेलायला ट्रॅव्हिस केल्सी, टायरीक हिल, आणि ५० टचडाउन पास. शिकाऊ खेळाडूला वर्षभर न खेळवण्याची चैन प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) जाणाऱ्या संघाला परवडते. तळाच्या संघाचे प्रेक्षक तिसऱ्या आठवड्यात नव्या पोराच्या नावाने ओरडायला लागतात.

माहोम्सबद्दल एक गोष्ट मात्र खरी, आणि ती दाव्याच्या बाजूने जाते. २०२२मध्ये हिलला दुसऱ्या संघाला देऊन टाकल्यावरही कॅन्सस सिटीने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. म्हणजे असामान्य क्वार्टरबॅक चांगल्या रिसीव्हरची उणीव भरून काढू शकतो. पण फेब्रुवारी २०२१चा सुपर बोलही आठवा. लाइनच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे टॅकल जायबंदी, जागेवर बदली माणसं. माहोम्स सामनाभर मागे मागे पळत होता, आडवा पडता पडता चेंडू फेकत होता. निकाल ३१-९, एकही टचडाउन नाही. त्याची प्रतिभा त्या दिवशी काही रजेवर गेली नव्हती. हिल नसला तर चालतं, टॅकल नसले तर नाही.

सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याचं उदाहरण याला छेद देतं, तेही घ्या. जानेवारी २०२२मध्ये टेनेसीविरुद्ध तो नऊ वेळा सॅक झाला आणि तरीही सिनसिनाटी जिंकली. मला तो माणूस भयंकर आवडतो. पण पुढच्याच महिन्यात सुपर बोलमध्ये तो सात वेळा आपटला आणि संघ २३-२० असा हरला. त्याआधी २०२०च्या पहिल्याच हंगामात त्याचा गुडघा गेलेला.

जेट्सबद्दल तर कल्पना करत बसायचीही गरज नाही, प्रयोग होऊन गेलाय. चार वेळा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) ठरलेले क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स २०२३मध्ये तिथे आले, चौथ्याच स्नॅपला त्यांच्या टाचेमागची कंडरा तुटली. (कंडरा कसली, जेट्सच्या चाहत्यांचं काळीज तुटलं म्हणा.) २०२४मध्ये सगळे १७ सामने खेळले : ५-१२. पाच सामन्यांनंतर मुख्य कोचला नारळ. चाळिशी उलटली होती, मान्य. पण मग ‘कुठेही जिंकतो’ या वाक्याला वयाचीही अट घालावी लागेल.

ब्रेडी टॅम्पाला गेला आणि पहिल्याच वर्षी जिंकला, हा दाव्यातला हुकमाचा पत्ता. आदल्या वर्षी टॅम्पा ७-९ होती, तेव्हा ब्रेडीचा वाटा मोठाच. पण टॅम्पा ब्रेडीने निवडली होती. माइक इव्हान्स, क्रिस गॉडविन हे रिसीव्हर तिथे आधीपासून होते, रॉब ग्रॉन्कोवस्की या जुन्या साथीदाराला त्याने निवृत्तीतून ओढून आणलं. चाळिशी उलटल्यावर, सुपर बोल विजयाच्या सहा अंगठ्या बोटांत असताना संघ निवडता येतो. २१व्या वर्षी ड्राफ्टमध्ये संघ तुम्हाला निवडतो, आणि नियमच असा की आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेल्याचा नंबर पहिला. खेळाच्या आतल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. १९८३मध्ये क्वार्टरबॅक जॉन एल्वेने बाल्टिमोरकडून खेळायला साफ नकार दिला, बेसबॉल खेळेन म्हणाला, डेन्व्हरला गेला. २००४मध्ये ईलाय मॅनिंगने सॅन डिएगोला तसंच सांगितलं आणि न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. त्याचे वडील आणि भाऊ दोघंही लीगमधले क्वार्टरबॅक. त्या घराला वातावरण ही सबब वाटत नव्हती.

आता डार्नल्ड ‘उशिरा शहाणा झाला’ ते बघू. २०१८च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, जेट्सकडे. जेट्स नावापुरते न्यूयॉर्कचे. मैदान न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. तिथलीच ती ऑक्टोबर २०१९ची सोमवारची रात्र. पेट्रियट्सचे गडी कधी सगळे अंगावर येत, कधी येतोसं दाखवून मागे सरत. डार्नल्डच्या अंगावर टीव्हीवाल्यांचा माइक होता. बाकावर बसून तो पुटपुटला की मला भुतं दिसतायत, आणि ते सगळ्या देशाने ऐकलं. जिथे कोणी नव्हतं तिथेही त्याला धावून येणारा माणूस दिसत होता. ३२पैकी ११ पास पूर्ण, ८६ यार्ड, चार इंटरसेप्शन, ३३-० हार. त्यानंतर वर्षभर त्याची टिंगल झाली. पुढच्या वर्षी जेट्स २-१४, कोच गेले, डार्नल्डलाही कॅरोलायनाला धाडलं. तिथे पहिल्या डिसेंबरात कोऑर्डिनेटर गेला, पुढच्या ऑक्टोबरात मुख्य कोच.

२०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो राखीव होता, कोच काइल शॅनाहनची पद्धत शिकत. २०२४मध्ये मिनेसोटाने वर्षाच्या कराराने घेतला, तोही नवा पोरगा तयार होईपर्यंत. कोच केव्हिन ओकॉनेल, स्वतः माजी क्वार्टरबॅक. खेळाडू संघाला तोंडघशी पाडण्याआधी संघच खेळाडूला पाडतो, अशा अर्थाचं ते उघड बोललेले आहेत. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि प्ले-क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढची चाल ओकॉनेल स्वतः सांगतात, म्हणजे रेडिओ बंद होईपर्यंत कानात बोलणारा माणूस कधीकाळी त्याच जागी उभा राहिलेला. डार्नल्डचे ३५ टचडाउन पास, संघ १४-३.

याला वयाचं शहाणपण म्हणायचं असेल तर क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचं काय करणार? २०१६मध्ये रॅम्सकडून सुरुवात केलेले सातही सामने हरला. २०१७मध्ये शॉन मॅकव्हे कोच झाले आणि गॉफ ११-४. नऊ महिन्यांत असा कोण प्रौढ होतो? यांचं शहाणपण नेमकं कोच बदलल्याच्या वर्षीच उगवतं, हा मोठाच योगायोग.

उलटा दावाही माझ्या माथी मारू नका. डार्नल्ड गेल्यावर मिनेसोटात ओकॉनेल तेच, रिसीव्हर जस्टिन जेफरसन तोच. तरी २०२५मध्ये जे. जे. मॅकार्थी, म्हणजे तो नवा पोरगा, चाचपडला आणि प्लेऑफ हुकले. चांगलं वातावरण काही कोणालाही क्वार्टरबॅक बनवत नाही.

राहिलं ‘डिफेन्सच्या जिवावर’. २०२४च्या हंगामाअखेर रॅम्सनी डार्नल्डला प्लेऑफमध्ये नऊ वेळा सॅक केलं, तेव्हा ‘बघा, खरा डार्नल्ड बाहेर आला’ म्हणून हेच लोक नाचत होते. लेफ्ट टॅकल क्रिश्चन डॅरिसॉ ऑक्टोबरपासून जायबंदी होता, ते कोणी बोललं नाही. डार्नल्डनेही चेंडू नको तितका धरून ठेवला होता, ते खरंच. वर्षभराने सिॲटलकडून त्याच रॅम्सविरुद्ध, सुपर बोलच्या आदल्या सामन्यात, त्याने ३४६ यार्ड आणि तीन टचडाउन पास दिले. तो सामना ३१-२७ सुटला. डिफेन्सने २७ गुण खाल्ले होते, तेव्हा तो काही डिफेन्सने जिंकून दिला नाही. सिॲटलचे कोऑर्डिनेटर होते क्लिंट कुबियाक, २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डार्नल्डसोबत असलेले, म्हणजे प्लेबुक बऱ्यापैकी ओळखीचं.

सुपर बोल मात्र डिफेन्सनेच ओढून नेला, त्यावर मी भांडणार नाही. डिफेन्स असा असला की क्वार्टरबॅकला १४ गुणांच्या पिछाडीवरून जिवावर उदार होऊन चेंडू फेकावा लागत नाही. नसलेली भुतं दिसण्याइतका तो घायकुतीला येत नाही. पण दाव्याच्या पहिल्या ओळीत म्हणायचं की संघाने काही फरक पडत नाही, आणि शेवटच्या ओळीत म्हणायचं की हा तर संघामुळे जिंकला! यातली कुठलीही एक ओळ ठेवा, दुसरी खोडा.