पोरीने मोबाइललाच का विचारलं?

गेल्या महिन्यात भांडूपला ताईकडे राहायला गेले होते. लोकलची वेळ बघायला दहावीतल्या भाचीचा मोबाइल घेतला, तर आधी शोधलेलं सगळं खाली उघडलं. ‘पाळी दोन महिने आली नाही’. ‘पीसीओएस असेल तर मूल होत नाही का’ (पीसीओएस म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास). ‘पोळीभात बंद केल्यावर पाळी येते का’. माझ्या पोटात गोळाच आला.

एका खोलीत पाच माणसं झोपतात. पोरीने डोक्यावरून पांघरूण घेऊन, उजेड कमी करून हे वाचलं असणार. डब्यातली पोळी ती महिनाभर मैत्रिणीला देत होती, हे नंतर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, सलग तीन महिने आली नाही तर दाखवायचंच. या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत. हिमोग्लोबिन मात्र कमी, ९.८ निघालं.

ताई म्हणाली, “मोबाइलच काढून घेते.” मला हे अजिबात पटत नाही. पोरीने आधी आईलाच सांगितलं होतं की पाळी लांबलीय. ताईने रोखून बघितलं आणि विचारलं, “काही भानगड नाही ना?” ताई धसकली होती, दुसरं काही नाही. पण पोर पुन्हा बोलली नाही. मोबाइल निदान असं बघत नाही.

मुलग्यांचं तर कुणी विचारतच नाही. ‘स्वप्नदोष’ या शब्दातच दोष आहे! वयात येताना झोपेत वीर्य जाणं नैसर्गिक आहे, हे बाप सांगत नाही. मग लोकलच्या डब्यात चिकटवलेली गुप्तरोगाची जाहिरात सांगते, आणि आता रील्स.

१० ते १९ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत त्यासाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. जीव घाबरा झाला, झोप उडाली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. शाळेच्या डायरीत मागच्या पानावर हे का छापत नाहीत? फीचे नियम तर सगळे छापतात.

काल ताईचा फोन आला. मध्यरात्री पोर तिच्या अंथरुणात येऊन हळूच म्हणाली, “आई, आली.” ताईने काही विचारलं नाही. उठली, पाणी तापवलं, शेकायची पिशवी भरून दिली आणि तिच्या शेजारी झोपली.