दानपेटी दोघांनी उघडायची असते

नाशिकमधील एका धार्मिक संस्थेच्या वार्षिक सभेत इमारत दुरुस्ती निधीचा हिशेब मी मागितला, तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आले, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ सगळे गप्प बसले आणि विषय तिथेच मिटला. या उत्तराला पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, कोणताही आधार नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्यातील ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून पाहावा. यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीसाठी आलेला पैसा याजकांच्या हाती जात होता. परंतु राजा योवाशाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भेगा तशाच होत्या. राजाने कोणालाही चोर ठरवले नाही, त्याने पद्धत बदलली. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि पेटीत पुष्कळ पैसा साठला की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे येऊन तो मोजत, थैल्यांत भरत आणि कामावरच्या मुकादमांच्या हवाली करत; त्यांच्याकडून तो सुतार, गवंडी व पाथरवटांना मिळे. मुख्य याजकाइतका मान्यवर माणूससुद्धा एकटा पैसे मोजत नसे.

शरणपूर परिसरात आम्ही वाढलो. माझे वडील तिथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार होते. एका पावसाळी रविवारी त्यांच्यासोबत दानपेटी उघडणारे दुसरे पंच येऊ शकले नाहीत, तर पेटी पुढच्या रविवारपर्यंत कुलपातच राहिली आणि तिची किल्ली आईच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली आम्ही आठवडाभर पाहत होतो. वडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती, तरीही ते थांबले.

बायबलमधला संदेष्टा शमुवेल तर याही पुढे जातो. म्हातारपणी, नव्या राजासमक्ष, तो लोकांना स्वतः विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेऊन डोळेझाक केली, ते सांगा म्हणजे मी परत करीन. त्यानेच नेमलेले त्याचे दोन्ही पुत्र लाच घेऊन न्याय विपरीत करत होते, हे शास्त्र लपवत नाही. वडीलधाऱ्यांनी ती तक्रार त्याच्या तोंडावर केली होती. घरातच असे घडलेले असताना लोकांसमोर उभे राहून हिशेब मागवून घेणे किती कठीण गेले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

पुढच्या सभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे. त्यात खर्चाच्या पावत्या मागितल्या आहेत आणि यापुढे दानपेटी दोन सदस्यांच्या उपस्थितीतच उघडावी, अशी विनंतीही केली आहे.