फिनाइलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे

दवाखान्यात शिरल्या शिरल्या फिनाइलचा वास आला आणि लादी चकचकीत दिसली, की बहुतेकांना बरं वाटतं. 'किती स्वच्छ ठेवलाय!' असं पेशंट बोलूनही दाखवतात. दवाखान्याची व्यवस्था बघणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या समजुतीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. लादीला सहसा कुणी हात लावत नाही, त्यामुळे तिच्यापासूनचा धोका तसा कमी. हात लागतात ते दाराच्या मुठीला, खुर्चीच्या हातांना, तपासणीच्या टेबलाच्या कडेला, बीपीच्या पट्ट्याला, स्टेथोस्कोपला, रिसेप्शनवरच्या पेनाला, कीबोर्डला, कार्ड स्वाइप करायच्या मशीनला. लादी दिवसातून तीनदा पुसणाऱ्या कितीतरी ठिकाणी बीपीचा पट्टा महिनोन्‌महिने एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जात असतो.

माझं मत असं, की दवाखाना अस्वच्छ राहतो तो मुख्यतः पसाऱ्यामुळे. आळस, पैसा, माणसांची कमतरता ही कारणं त्यानंतरची. डॉक्टरांचं टेबल डोळ्यासमोर आणा. औषध कंपनीनं दिलेला पेनस्टँड, त्याच कंपनीचं कॅलेंडर, गोळ्यांच्या नमुन्यांचे खोके, रबरी शिक्के, कुणीतरी विसरून गेलेला एक्स-रे, चार्जरची वायर, थर्मामीटर, त्याच्या शेजारी चहाचा कप. सफाई करणाऱ्या मावशी सकाळी फडकं घेऊन येतात. डॉक्टरांच्या वस्तू हलवायची त्यांना परवानगी नसते, किंवा मागे कधीतरी ओरडा बसलेला असतो. मग फडकं वस्तूंच्या कडेकडेनं फिरतं. मधल्या जागा तशाच राहतात आणि रजिस्टरमध्ये 'टेबल पुसलं' अशी सही होते. दोष मावशींचा नाही. ते टेबल पुसता येईल असं ठेवलेलंच नव्हतं.

तीच गोष्ट तपासणीच्या टेबलाच्या रेक्झिनची. कोपऱ्यात बोटभर चीर पडली की आतला स्पंज उघडा पडतो. घाम, रक्त, लघवी, जे काही तिथं सांडेल ते तो शोषून घेतो, आणि वरून कितीही जंतुनाशक मारा, आत पोचत नाही. चिकटपट्टी लावून हे भागत नाही, कारण तिच्या कडेला मळ धरतो. रेक्झिन बदलायचं. उंची फर्निचर, शोभेच्या कुंड्या, भिंतीवरचे फोटो यांच्यावर होणाऱ्या खर्चाआधी हा खर्च झाला पाहिजे.

रोगजंतू किती चिवट असतात याची कल्पना असली की हे जास्त पटतं. हिपॅटायटिस बी चा, म्हणजे कावीळ बी चा, विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, किमान ७ दिवस टिकून संसर्ग करू शकतो. एमआरएसए नावाचे, नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतात. डाग दिसत नाही म्हणजे काही नाही, असं धरून चालणं दवाखान्यात परवडत नाही.

आता पुसण्याबद्दल, कारण इथे बराच गोंधळ असतो. जंतुनाशक हे साबणाला पर्याय नाही. आधी साबणपाण्यानं मळ काढायचा, मग जंतुनाशक. मळ, रक्त, पू यांचा थर असेल तर ब्लीचची, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाची, बरीचशी ताकद त्या थरातच खर्ची पडते. दुसरं म्हणजे वेळ. बाटलीवर लिहिलेलं असतं की द्रावण पृष्ठभागावर इतकी मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. आपण फवारतो आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून टाकतो, म्हणजे औषध देऊन ते पोटात जायच्या आत ओकायला लावण्यासारखं झालं. तिसरं, पाण्यात मिसळलेलं ब्लीच रोजच्या रोज नवं करायचं. त्याची ताकद उतरत जाते, म्हणून बाटलीवर तारीख हवीच. आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. हे प्रत्येक सफाई कामगाराला स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. सांगितलं जात नाही, याचा मला खरंच राग येतो.

पुसायची दिशाही ठरलेली असावी: वरून खाली, कमी मळलेल्या जागेकडून जास्त मळलेल्या जागेकडे. संडासाचं फडकं संडासातच राहील. कोरडा झाडू तपासणीच्या खोलीत नकोच, त्यानं धूळ उडून पुन्हा सगळीकडे बसते.

हात धुण्याबद्दल बोलताना मला नेहमी सेमेलवाइस हा डॉक्टर आठवतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात, डॉक्टर आणि विद्यार्थी ज्या प्रसूती विभागात काम करत तिथं बाळंतिणी तापानं दगावत होत्या. सुइणी बघत असलेल्या विभागात हे प्रमाण बरंच कमी होतं. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. साबणानं हात धुतले तरी प्रेताचा वास हाताला राहतो, हे सेमेलवाइसच्या लक्षात आलं आणि त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागातले मृत्यू १८ टक्क्यांच्या घरात होते, जूनपर्यंत ते २ टक्क्यांच्या आसपास आले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य व्हायचा होता.

आज आपल्याला कारण माहीत आहे, तरी हात धुतले जात नाहीत. याचं मोठं कारण मला जागेच्या मांडणीत दिसतं. बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यापुढे खोकी रचलेली, साबण संपलेला, पुसायला एकच ओला टॉवेल. अशा ठिकाणी गर्दीच्या वेळी कोण उठून हात धुणार? जागतिक आरोग्य संघटना सांगते की पेशंटला जिथं तपासता तिथंच, हात पुरेल इतक्या अंतरावर हँडरब, म्हणजे हाताला चोळायचा अल्कोहोलचा द्रव, हवा. २० ते ३० सेकंद चोळलं की काम होतं. मात्र हात दिसायला मळलेले असतील तर साबणपाणीच, ४० ते ६० सेकंद. जुलाबाचे काही जंतू, विशेषतः सी. डिफिसिल, अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथेही साबणपाणीच लागतं. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही. मोजे काढल्यावरही धुवायचे.

एक गोष्ट आग्रहानं सांगते. सफाई करणारी व्यक्ती ही उपचार करणाऱ्या टीमचाच भाग आहे. तिला जाड हातमोजे द्या, कावीळ बी ची लस द्या, आणि काय कशासाठी करायचं ते समजावून सांगा. कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचते ती बहुतेकदा तिलाच. त्या सुईला परत टोपण लावायचं नाही, वापरली की तिथंच, हाताशी ठेवलेल्या न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. हे काम डॉक्टर आणि नर्सचं आहे. सुई ट्रेवर टाकून 'मावशी उचलतील' म्हणणं हा गुन्हाच आहे, असं माझं ठाम मत आहे. तपासणीच्या वेळा ठरवताना दोन पेशंटमध्ये टेबल पुसायला दोन-तीन मिनिटं धरा. ती धरली नाहीत तर पुसणं कागदावरच राहतं.

कपाटांचं थोडक्यात सांगते. ज्याची मुदत आधी संपते ते औषध पुढे, बाकीचं मागे. सारख्या नावांची आणि सारख्या दिसणाऱ्या खोक्यांची औषधं शेजारी शेजारी नकोत. लशींचा फ्रिज २ ते ८ अंशांत, दारातल्या कप्प्यात लशी ठेवायच्या नाहीत, आणि त्यात कुणाचाही डबा किंवा पाण्याची बाटली जाता कामा नये. फ्रिज वारंवार उघडला की आतलं तापमान वर जातं. निर्जंतुक केलेल्या पाकिटावरची पट्टी रंग बदलते, पण त्यातून एवढंच कळतं की पाकीट निर्जंतुक करायच्या यंत्रातून गेलं आहे. ते फाटलेलं किंवा ओलं असेल तर आतलं अवजार वापरायचं नाही.

आणि इमर्जन्सी ट्रे. इंजेक्शन दिल्यावर एखाद्याला जोरदार अ‍ॅलर्जी आली, श्वास अडकला, की अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन त्याच क्षणी लागतं. तेव्हा कुणी खण उघडून, बँडेजची पाकिटं उचकून त्याची अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, शोधत बसलं तर काय होईल, हे सांगायला नको. ट्रेची जागा एकच, कुलूप नाही, वर आणखी काहीही ठेवलेलं नाही. अँप्यूलची तारीख, मोठ्यांचा आणि लहान मुलांचा मास्क, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा आणि सिलिंडर उघडायची चावी दोरीनं त्याच्याच गळ्याला बांधलेली, हे सगळं पहिला पेशंट आत यायच्या आधी बघायचं. बघणाऱ्याचं नाव आणि तारीख ट्रेवरच्या कागदावर लिहायची, आणि हे काम आळीपाळीनं सगळ्यांनी करायचं, डॉक्टरांनीसुद्धा.